भांगेचे दुकान आणि बांधावरचे झुडूप

होळी जवळ आली की एक प्रश्न आमच्यापर्यंत येतोच. यंदा तो एका शेतकरी बांधवाने विचारला, "फादर, इंदूरच्या बाजारात परवान्याच्या दुकानात भांग उघड विकतात. मग तेच झुडूप माझ्या बांधावर वाढले तर भिण्याचे काय कारण?"

कारण आहे, आणि ते नीट समजून घेतलेले बरे. झुडूप एकच, पण कायदा त्याचे भाग निरनिराळे मानतो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात फुलोऱ्याच्या शेंड्यांना गांजा आणि झाडाच्या चिकाला चरस म्हटले आहे. शेंडे नसलेली नुसती पाने व बी गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची होते, म्हणून तिचा कारभार राज्यांकडे राहिला. मध्य प्रदेशात परवान्याची दुकाने आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून भांग बाळगणे हा गुन्हा आहे. तेव्हा इंदूरची पुडी भुसावळच्या पाहुण्यांसाठी पिशवीत टाकू नये.

गांजाला अशी सवलत कोठेच नाही. १ किलोच्या आत सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोंच्या वर गेला तर किमान १० वर्षे कैद. पानांत शेंडे मिसळले की त्या मालाला भांग म्हणून भागत नाही.

आता बांधाकडे वळू. परवान्यावाचून या झाडाची लागवड केल्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न पेरता उगवलेले रोप म्हणजे लागवड नव्हे; पण त्याला पाणी घालून जोपासले, तर तो आरोप यायला वेळ लागत नाही. म्हणून लहान असतानाच ते उपटून टाकावे. आपल्या जमिनीत दुसऱ्या कोणी लागवड केलेली दिसली, तर पोलिसांना ताबडतोब कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून गप्प राहणाराही दोषी ठरतो.

आरोग्याचेही पाहू. प्यालेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. "काहीच झाले नाही" म्हणून लोक दुसरा पेला घेतात, आणि मग छाती धडधडते, भीती दाटते, भान सुटते. गरोदर स्त्रिया, कोवळी मुले व मनाचा आजार असलेल्यांनी तिला शिवू नये. नशेत मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर रस्त्यावर चालवणे हा निराळा गुन्हा आहे.

ज्यांच्या घरी कोणी गांजाच्या आहारी गेला आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे: व्यसनी माणूस आपण होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला भरत नाहीत. मात्र उपचार पुरा करावा लागतो. अर्ध्यावर सोडल्यास हे संरक्षण जाऊ शकते. लाजेपायी मुलाला घरात लपवून ठेवण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेणे केव्हाही शहाणपणाचे.