हलतंय म्हणजे नेमकं काय होतंय?

संध्याकाळी साडेसातचा सुमार. माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा. शाळेत असताना इंग्रजीच्या तासाला शेवटचा बाक धरून बसायचा. आता आमच्या कबनूरमधल्याच एका कारखान्यात तो जॉबर आहे, म्हणजे मागांची दुरुस्ती बघतो. हात तेलानं माखलेले, चेहरा उतरलेला. "सर, एवढं इंग्रजी बघा की जरा," म्हणत त्यानं मोबाईल पुढं केला.

कारखान्यात परदेशातून आणलेला एक जुना रॅपिअर माग बसवला होता. त्याचा एक रूळ नीट फिरत नव्हता. यानं तिकडच्या तंत्रज्ञाला आपल्या इंग्रजीत निरोप धाडला, 'द रोलर इज शेकिंग.' उत्तर आलं, पायाचे बोल्ट आवळा, मागाची पातळी तपासा. दोन दिवस त्यातच गेले. इथं मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. माग थांबला की घरातली चूलही विचारात पडते.

मी विचारलं, "अरे, हलतोय म्हणजे नेमकं काय होतंय?"

"हलत न्हाई ओ सर. आऊट मारतोय. सायकलच्या चाकावानी."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सायकलवाला चाक फिरवून बघतो, रिम एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं जाते, मग तो तारा आवळून 'आऊट काढतो'. या हलण्याला इंग्रजीत शब्द आहे वॉबल. शेक म्हणजे हादरणं, थरथरणं. तो शब्द वाचून तंत्रज्ञानं पायाकडं बोट दाखवलं, यात त्याची काय चूक? वॉबल म्हटलं असतं, तर त्यानं आधी बेअरिंगची चौकशी केली असती. तसा नवा निरोप आम्ही धाडला. बेअरिंगच झिजलेलं निघालं.

माग सुरू झाला, पण मला काही झोप लागेना. कारण 'शेक म्हणजे हलणे' असं फळ्यावर लिहून पुढच्या शब्दाकडं वळणारा शिक्षक मीच होतो. ते दोन दिवस माझ्याही खात्यावर मांडायला हवेत.

तेव्हापासून मी हे शब्द वेगळ्या तऱ्हेनं शिकवतो. शब्दाचा अर्थ विचारण्याआधी वस्तूकडं बघून तीन प्रश्न विचारायचे. ती कुठं धरलेली आहे? तिचा तोल सावरेल की जाईल? आणि ती एका जागी हलते आहे की जागा बदलते आहे? रेडिओवर मला हात हलवून दाखवता येत नाही, म्हणून तुम्हीच डोळ्यांसमोर चित्र आणा.

वरून टांगलेली वस्तू झोका घेते, ते स्विंग. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक, वडाच्या पारंबीला लोंबकळणारी पोरं, बिजागरीवर उघडमीट करणारं दार, ही सगळी स्विंगची मंडळी. बूड पक्कं रोवलेलं आणि शेंडा सावकाश इकडून तिकडं जातोय, तर ते स्वे. वाऱ्यावर डुलणारा ऊस घ्या, नाहीतर चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गर्दीच्या वर डोलणाऱ्या सासनकाठ्या. स्वेमध्ये पडण्याची भीती असतेच असं नाही. पुष्कळदा त्यात ऐटच असते.

बूडच गोलसर असेल आणि सगळी वस्तू त्यावर पुढंमागं कलत असेल, तर ते रॉक. आरामखुर्ची घ्या, पाण्यावरची होडी घ्या. इथं एक गंमत आहे. इंग्रज आई पाळणा रॉक करते, कारण तिकडचा जुना पाळणा जमिनीवर, कमानीसारख्या वाकड्या पायांवर उभा असायचा. आपला पाळणा आढ्याला टांगलेला. खरं तर तो स्विंग होतो! मराठीत आपण त्याला झोका देतो, ते अगदी बरोबर आहे. घराची बांधणी वेगळी, म्हणून क्रियापदही वेगळं.

आता पायांवर चालणाऱ्यांकडं या. नुकतं चालायला लागलेलं मूल लुटुलुटु जातं, ते टॉडल. पाय लटपटतायत, आता पडतो की मग असं वाटतंय, ते टॉटर. फटका बसलेला किंवा प्यालेला माणूस झोकांड्या खातो, ते स्टॅगर. बदक आखूड पायांवर जड अंग टाकत चालतं, ते वॉडल. चौघंही डावीउजवीकडं झुकतात, पण मूल, आजोबा, दारुडा आणि बदक यांना एकाच शब्दात कोंबलं, तर चौघांवरही अन्याय होईल.

कुणी म्हणेल, हे सगळं इतकं काटेकोर असतं का? नसतं. खुद्द लंडनकरांचं उदाहरण घ्या. थेम्स नदीवरचा मिलेनियम पूल पादचाऱ्यांसाठी 10 जून 2000 रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. चालताना आपण प्रत्येक पावलाला जमिनीला किंचित बाजूलाही रेटतो, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. पूल जरासा हलला, तसे लोक तोल सावरायला त्याच्याच तालात पावलं टाकू लागले, आणि त्यामुळं तो आणखी हलू लागला. पुलाची ती संथ, आडवी हालचाल म्हणजे स्वे. पण लोकांनी त्याचं नाव पाडलं 'वॉबली ब्रिज'. वॉबल या शब्दात धडपणा नसल्याची एक थट्टा आहे, ती त्यांना हवी होती. हादरे शोषणारी यंत्रणा बसवून फेब्रुवारी 2002 मध्ये पूल पुन्हा सुरू झाला, पण नाव काही गेलं नाही. अभियंता शब्द निवडतो दुरुस्तीसाठी, माणूस निवडतो आपल्याला काय वाटलं ते सांगण्यासाठी. दोन्ही बरोबर, फक्त आपण कुणाशी बोलतोय याचं भान हवं.

शेवटी एक घरचा शब्द. शेजारच्या इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं आमच्या कबनूरलाही मागांचा नाद लागला. त्या मागावर ताण्याच्या सुतांतून डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं धावतो तो धोटा. इंग्रजीत त्याला म्हणतात शटल. जुन्या इंग्रजीतल्या या शब्दाचा अर्थ होता फेकून मारायचा बाण, आणि धोटा सुटताना पाहिलेल्या कुणालाही तो पटेल. पुढं त्याचंच क्रियापद झालं. दोन ठिकाणांमध्ये सतत येरझारा घालणं म्हणजे टू शटल. शटल रेल्वेगाडी त्यातूनच आली.

मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "सर, म्हणजे आमचे पप्पा दिवसभर इंग्रजी क्रियापदच चालवतात की!" वर्ग हसला. मला मात्र माझ्या जॉबरची आठवण झाली. त्याच्या रॅपिअर मागावर धोटा नसतोच. हळूहळू धोटा आमच्या गावातूनही जाईल. जगभरातल्या बसगाड्या आणि रेल्वेगाड्या मात्र त्याच्या नावानं येरझारा घालत राहतील.

परवा तो जॉबर पुन्हा भेटला. म्हणाला, "सर, आता आधी मशीन बघतो, मग शब्द लिवतो." माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्याला जे जमलं नव्हतं, ते त्या झिजलेल्या बेअरिंगनं करून दाखवलं.