गव्हाविना पथ्य : मलकापूर परिसरातील उपलब्धतेचा विचार

ग्रहणीच्या रुग्णास आपण लघु, दीपन-पाचन आहार सुचवितो. परंतु ज्याच्या व्याधीचे निदानच गहू हे आहे, त्यास पथ्य सांगणे सोपे आणि मिळवून देणे कठीण आहे. प्रस्तुत लेखात त्या कठीण भागाचा विचार आम्ही करीत आहोत.

व्याधीचे स्वरूप

गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे काही व्यक्तींच्या लहान आतड्याचे अंतःस्तर झिजतात. यास सिलिअॅक आजार म्हणतात. दीर्घकाळ द्रवमलप्रवृत्ती, आध्मान, लोहकल्पांनी न सुधारणारा पांडु, बालकांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे होत. काही रुग्णांत अतिसार नसून केवळ पांडु असतो. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ डिके यांनी गव्हाशी असलेला हा संबंध दाखविला. १९४४-४५ च्या दुष्काळात पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी बालके सुधारली. उत्तर भारतात सुमारे शंभरात एकास हा आजार आढळतो. आपल्याकडे तो विरळ समजला जात असल्याने निदान लांबते.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. रुग्ण गहू खात असतानाच टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी व गरजेनुसार आतड्याची बायोप्सी करावी. आधीच गहू बंद केल्यास तपासणी फसवी ठरू शकते. निदान निश्चित झाल्यावर मात्र निदानपरिवर्जन हीच चिकित्सा, आणि तीही आजन्म. औषधकल्प तिची जागा घेऊ शकत नाहीत.

कोणास काय मिळते?

ग्लुटेनमुक्त पीठ, बिस्किटे व पाव पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत मिळतात, पण त्यांचे मूल्य साध्या पिठाच्या कितीतरी पट असते. पुण्यास जाणे-येणे असलेल्या कुटुंबास ते परवडते. मलकापूर-कराडच्या मजुरास ते परवडत नाही. त्याच्या शिधापत्रिकेवर राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये मिळणाऱ्या धान्यात गहू असतो. महामार्गावरील उपाहारगृहात, वसतिगृहात वा लग्नाच्या पंगतीत चपाती, पुरी, शिरा यांतून त्याची सुटका नाही.

वस्तुतः निसर्गाने या जिल्ह्यास हे पथ्य मुबलक दिले आहे. पश्चिमेच्या पाटण, जावळी, महाबळेश्वर या डोंगरी भागात नाचणी, वरी व भात, तर पूर्वेच्या माण-खटावात ज्वारी व बाजरी पिकते. मधल्या कृष्णाकाठी पाणी आले तेथे उसाने शिवार व्यापले आणि भाकरीचे धान्य विकत घेण्याची पाळी अनेकांवर आली. तरीही तयार ग्लुटेनमुक्त पदार्थांपेक्षा ते स्वस्तच आहे.

गिरणीचा प्रश्न

खरी अडचण दळणात आहे. अन्नसुरक्षा मानकांनुसार ग्लुटेनमुक्त अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या पिठाचा सुमारे दशांश भाग ग्लुटेन धरल्यास, किलोभर ज्वारीत पाव ग्रॅम गव्हाचे पीठ मिसळले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेली ज्वारी म्हणूनच रुग्णास निर्धोक नाही. घरचे दगडी जाते किंवा केवळ या धान्यांसाठी राखलेली घरघंटी हाच भरवशाचा मार्ग. धान्य निवडून गव्हाचे दाणे काढावेत व धुऊन वाळवावे. जेथे हेही शक्य नाही तेथे भात, वरीचा भात, मुगाचे कढण व ताक यांवर भर द्यावा. यांस गिरणी लागत नाही.

आपल्याच हातून होणारे अपथ्य

१. खपली गहू हाही गहूच होय. मधुमेहींमध्ये त्याची ख्याती असली तरी या रुग्णास तो वर्ज्य. धान्य जुने केले वा भाजले तरी ग्लुटेन नाहीसे होत नाही.

२. मेतकूट व थालीपिठाची भाजणी यांत बहुधा गहू असतो. हलका आहार म्हणून मेतकूट-भात सुचविताना हे विसरू नये. जवाचे सातू व गव्हाचे सत्त्वही वर्ज्य.

३. बाजारातील बांधानी हिंगात अनेकदा मैदा असतो. असा हिंग वापरलेले हिंग्वष्टक चूर्ण ग्रहणीच्या रुग्णास देणे म्हणजे औषधातून अपथ्य देणे होय.

४. वटीच्या पूरकद्रव्यांत गव्हाचा स्टार्च आहे का, हे औषधनिर्मात्यास विचारावे.

आपले कर्तव्य

औषधालयचालकांनी मैदाविरहित हिंग मागवून त्यापासून सिद्ध केलेले कल्प वेगळे ठेवावेत आणि वेष्टनावर तशी नोंद करावी. वैद्यांनी रुग्णाच्या माता-पिता, भावंडे व अपत्ये यांची तपासणी सुचवावी. पथ्यपत्रक लिहिताना 'गहू बंद' एवढ्यावर न थांबता काय खावे, ते कोठून आणावे व कोठे दळावे, हेही लिहावे. एखाद्या गावी दोन-तीन रुग्ण असतील तर त्यांनी मिळून एक घरघंटी घेण्यास आपण उत्तेजन द्यावे.

पथ्य केवळ सधनांस साध्य राहिले, तर निर्धनाचे निदान करूनही आपण त्यास व्याधिमुक्त करू शकत नाही. ही उणीव भरून काढणे बव्हंशी आपल्याच हाती आहे.