आंबट, महाग आणि भोकाभोकांचा!

ब्रिटनमधील सुपरमार्केटमध्ये ‘सावरडो’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पावाविषयी ग्राहकांची मते ऐकली, तर ही सगळी मंडळी एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत का, अशी शंका यावी. एकाला तो फारच आंबट लागतो, तर दुसऱ्याच्या मते त्यात आंबटपणा औषधालाही नाही. कोणी म्हणतो, चार दिवसांनीही टोस्ट उत्तम होतो. कोणी म्हणतो, दुसऱ्याच दिवशी पावाचा दगड झाला. साध्या पावाने पोट फुगते, हा मात्र सोसतो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून भोकेच विकत घेतली, लोणी लावावे तर ते खालून थेट ताटलीत उतरते, असा वैताग व्यक्त करणारेही कमी नाहीत.

गंमत अशी, की या परस्परविरोधी मतांपैकी बहुतेक मते खरी आहेत. गोम आहे ती नावात. ‘सावरडो’ या एकाच शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या रीतीने बनवलेले पाव शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि ग्राहक त्या सर्वांना एकाच मापाने तोलत असतो.

मुळात सावरडो म्हणजे विरजणाचा पाव. पीठ आणि पाणी कालवून काही दिवस ठेवले, रोज त्यातले थोडे काढून ताजे पीठ-पाणी घातले, की पिठातील आणि भोवतालचे रानटी यीस्ट व लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात वस्ती करतात. यीस्टमुळे पाव फुगतो, जिवाणूंमुळे तो आंबतो. दह्यासाठी आपण कालच्या दह्याचे विरजण लावतो, त्याचाच हा भाऊबंद. अशा पावाला पीठ, पाणी, मीठ आणि वेळ यांखेरीज काही लागत नाही. मात्र वेळ भरपूर लागतो. बेकरीतील यीस्ट घातलेला पाव दोन-तीन तासांत भट्टीतून बाहेर पडू शकतो. विरजणाच्या पावाला बारा तास, कधी चोवीस तासही द्यावे लागतात. १९६१ साली इंग्लंडमधील चॉर्लीवूड येथे वेगवान यंत्रांनी कणीक मळून पाव झटपट करण्याची पद्धत विकसित झाली आणि तिने ब्रिटिश पावाचे रूपच पालटले. अशा उद्योगाला चोवीस तास थांबणे परवडत नाही.

त्यामुळे एक जवळची वाट निघाली. कणकेत बेकरीचे यीस्ट घालून पाव नेहमीच्या गतीने फुगवायचा आणि चवीपुरती वाळवलेल्या आंबवणाची पूड किंवा व्हिनेगर वापरायचे. ‘विच?’ या ब्रिटनमधील ग्राहक संघटनेने २०१८ साली सुपरमार्केटमधील सावरडो नावाचे १९ पाव तपासले, तेव्हा त्यांतील अवघे चार पारंपरिक पद्धतीचे निघाले. उरलेल्या १५ पावांत यीस्ट, अॅस्कॉर्बिक आम्ल यांसारखे घटक होते; काहींत दही आणि व्हिनेगरही होते. यांत आरोग्याला अपायकारक असे काही नाही, हे स्पष्ट करायला हवे. पण विरजणाच्या पावाची किंमत देऊन ग्राहक घरी काय आणतो, हा प्रश्न उरतोच.

हे ध्यानात घेतले, की ग्राहकांच्या मतांचा उलगडा होऊ लागतो. पाव कसा टिकतो, हेच घ्या. विरजणातील आम्लांमुळे बुरशी उशिरा धरते, म्हणून खरा सावरडो परिरक्षक द्रव्यांवाचूनही काही दिवस तग धरतो. परंतु तो मऊ राहतो असे नव्हे. पाकिटातील नेहमीचा पाव आठवडाभर कापसासारखा राहतो, तो त्यात घातलेल्या इमल्सिफायर आणि एन्झाइमांच्या जोरावर. ते नसले की कवच चिवट होते आणि गर सुकतो. तेव्हा ‘टिकला’ म्हणणारा बुरशीबद्दल बोलतो आहे आणि ‘दगड झाला’ म्हणणारा मऊपणाबद्दल. दोघेही बरोबर. काप करून फ्रीझरमध्ये ठेवणे आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये टाकणे, हा दोघांनाही सोयीचा मार्ग.

आंबटपणाच्या बाबतीत मात्र ग्राहकांची हमखास फसगत होते. पाव जितका आंबट तितका अस्सल, असा समज रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. विरजण ऊबदार जागी व पातळ ठेवले, तर त्यात दह्यासारख्या सौम्य चवीचे लॅक्टिक आम्ल वरचढ ठरते. थंड व घट्ट ठेवले, तर व्हिनेगरची तीक्ष्ण चव देणारे अॅसेटिक आम्ल वाढते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचा पाव झणझणीत आंबटपणासाठी प्रसिद्ध आहे. त्यातील जिवाणूला १९७१ साली त्या शहराचेच नाव देण्यात आले. याउलट अनेक युरोपीय बेकऱ्या विरजण मुद्दाम सौम्य राखतात. म्हणजे सौम्य पाव अस्सल असू शकतो आणि व्हिनेगर घातलेला पाव आंबट लागू शकतो. जिभेला येथे न्यायाधीश नेमता येत नाही.

भोकांविषयीच्या तक्रारीवर जाणकार हसतात. कणकेत पाणी जास्त, हाताळणी हलकी आणि आंबवणे दीर्घ, यांतून ती मोठी, अनियमित भोके होतात व बेकर त्यांचा अभिमान बाळगतो. परंतु सकाळी मुलांच्या डब्यासाठी सँडविच करणाऱ्याला तो अभिमान काय कामाचा? ही तक्रार अडाणीपणाची नाही. पाव शोभेसाठी नसतो, आणि सुपरमार्केटमधील पाकीटबंद कापांचे सावरडो बारीक जाळीचे असतात ते याच ग्राहकासाठी. त्यात फसवणूक मुळीच नाही. केवळ विरजणावर फुगलेला पावही बारीक जाळीचा करता येतो.

लेबल वाचणारा चोखंदळ ग्राहकही एका जागी चुकतो. घटकांच्या यादीत त्याला कॅल्शियम कार्बोनेट, लोह, नायसिन, थायमिन अशी नावे दिसतात आणि ‘हा कसला अस्सल पाव, यात तर रसायने!’ म्हणून तो पाकीट परत ठेवतो. वस्तुतः ब्रिटनमध्ये दळलेल्या पांढऱ्या गव्हाच्या पिठात ही द्रव्ये मिसळणे १९९८ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. निष्ठेने विरजण सांभाळणारा बेकरही तेच पीठ वापरतो. पाहायचे ते यादीत स्वतंत्रपणे ‘यीस्ट’ लिहिले आहे का, हे. सुट्या टोपलीत ठेवलेल्या, दुकानातच भाजलेल्या पावाच्या बाबतीत तीही सोय नाही. सुट्या पावावर घटकांची संपूर्ण यादी लावण्याचे बंधन नाही. अॅलर्जीकारक घटकांची माहिती दिली की पुरते. आणि दुकानात दरवळणाऱ्या वासावर फार भरवसा ठेवू नये. असे पुष्कळ पाव कारखान्यात अर्धे भाजून, गोठवून आणलेले असतात; दुकानात होतो तो केवळ शेवटचा संस्कार.

ब्रिटिश कायद्याने ‘सावरडो’ या शब्दाची व्याख्या केलेली नाही. २००८ साली सुरू झालेल्या ‘रिअल ब्रेड कॅम्पेन’ या चळवळीची ती मागणी आहे. नकली सावरडोला त्यांनी ‘सावरफो’ असे टोपणनावही दिले. फ्रेंच भाषेत ‘फो’ म्हणजे खोटा. बेकरी उद्योगातील संघटनांनी आपली आचारसंहिता पुढे केली, पण तीत यीस्टसारख्या घटकांना जागा ठेवल्याने चळवळीने तिला विरोध केला. फ्रान्सने मात्र १९९३ सालीच विरजणाच्या पावाचा निकष आकड्यांत बांधला. पावाचा पीएच ४.३ पेक्षा अधिक नको आणि गरात अॅसेटिक आम्ल दशलक्ष भागांत किमान ९०० भाग हवे. इतके काटेकोर फ्रेंचही शेवटच्या मळणीत पिठाच्या ०.२ टक्क्यांपर्यंत बेकरीचे यीस्ट चालवून घेतात. तेव्हा चिमूटभर यीस्ट दिसताच ‘नकली’ म्हणून ओरडणे हे थोडे अतीच होते.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि येथे चेष्टा पुरे. सावरडो पचायला हलका, हे मत ग्राहकांत सर्वाधिक आत्मीयतेने मांडले जाते व त्यात तथ्य आहे. दीर्घकाळ आंबवल्याने गव्हातील फ्रुक्टान नावाच्या शर्करासाखळ्यांचा काही भाग जिवाणू व यीस्ट संपवतात. आतड्याच्या संवेदनशीलतेमुळे ज्यांचे पोट याच घटकाने फुगते, त्यांना आराम वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हा लाभ वेळेतून येतो, नावातून नव्हे. दोन तासांत यीस्टवर फुगवलेल्या आणि चवीपुरती पूड घातलेल्या पावाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. धोका आहे तो पुढच्या पायरीवर. ‘हलका’ या शब्दाचे ऐकीव माहितीत ‘ग्लुटेनमुक्त’ कधी होते, ते कळत नाही. ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे आणि गव्हाचा सावरडो, कितीही अस्सल असला, तरी त्याहून फार वर असतो. सिलिअॅक रोग असलेल्या व्यक्तीला त्रास झाला नाही, तरी आतड्याची इजा होतच राहू शकते. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबून अशा व्यक्तीने हा पाव खाऊ नये.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतही आता सावरडो नावाचे पाव मिळतात आणि तेथेही मते अशीच विभागलेली ऐकू येतात. आंबवलेल्या पिठाचे आपल्याला नवल नाही. आंबोळी आहे, इडली आहे. गोव्याचे पोदेर तर एके काळी पावाची कणीक माडाच्या ताज्या सुरेने फुगवत असत, पुढे तिची जागा बेकरीच्या यीस्टने घेतली. आपल्याकडील पाकीटबंद पावावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, ही ग्राहकाच्या हाती असलेली सोय. त्यात यीस्ट आहे का, हे पाहावेच. शिवाय आयएनएस २८२ म्हणजे बुरशीरोधक कॅल्शियम प्रोपिओनेट, २६० म्हणजे अॅसेटिक आम्ल आणि ४८१ म्हणजे पाव मऊ ठेवणारे इमल्सिफायर. हे तिन्ही आकडे एकाच पाकिटावर दिसले, तर पाव आवडला म्हणून जरूर घ्यावा; विरजणाचे पैसे मात्र मोजू नयेत.