पिशवी भरलेली, कोंबडी उपाशी

संध्याकाळी खुराड्याकडे परतलेल्या कोंबडीच्या छातीवर, उजव्या अंगाला, चांगलाच फुगवटा दिसतो. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याला तो पहिल्यांदा दिसला की ‘गळ्याला गाठ आली’ असं वाटतं. गाठ नसते ती, अन्नपिशवी असते. अन्ननलिकेचाच फुगीर भाग. दिवसभर टिपलेले दाणे, किडे, पाला तिथे साठतो, भिजून मऊ होतो आणि रात्रभरात थोडा थोडा पुढे पोटात उतरतो. तेव्हा संध्याकाळची टम्म पिशवी म्हणजे कोंबडी पोटभर चरली, एवढंच. तपासायची वेळ सकाळची, दाणे टाकायच्या आधीची. त्या वेळी पिशवी रिकामी, हाताला जेमतेम लागणारी हवी. तेव्हाही ती भरलेलीच असेल, तर मात्र काहीतरी अडलं आहे.

काय अडलंय ते बोटांना कळतं. पिशवी मळलेल्या कणकेसारखी घट्ट लागली, तर आत गोळा अडकला आहे. लांब गवत, पेंढ्याच्या काड्या, पोत्याचे नायलॉनचे धागे, दुधाच्या पिशवीचा कापून टाकलेला कोपरा, असं काहीही त्यात निघू शकतं. पिशवी पाण्याने डचमळत असेल आणि चोचीला आंबूस, कुबट वास येत असेल, तर अन्न साचून आंबलं आहे आणि बहुधा त्यावर कॅन्डिडा ही बुरशी माजली आहे. या दोन तक्रारी वेगळ्या आणि त्यांचे उपायही वेगळे. तिसरा प्रकार लोंबणाऱ्या पिशवीचा. तिचे स्नायू एकदा सैल पडले की सहसा पूर्ववत होत नाहीत. अशा कोंबडीला थोडं थोडं, मऊ खाणं देऊन सांभाळावं लागतं.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे कोंबडी उलटी धरून ओकवली की मोकळी होते. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडतं आणि त्यावर आपल्यासारखं झाकण नसतं. उलट्या धरलेल्या, भेदरलेल्या पक्ष्याच्या घशात आंबलेलं पाणी एकदम आलं, की त्यातलं थोडं फुप्फुसात जायला वेळ लागत नाही. कोंबडी तिथेच गुदमरते, किंवा दोन-तीन दिवसांनी न्यूमोनियाने जाते आणि दोष मूळ आजाराच्या माथी बसतो. पिशवीतलं पाणी काढायचंच असेल तर जनावरांचे डॉक्टर ते नळी घालून काढतात.

चोच उघडून चमचाभर तेल ओतण्यातही धोका हाच. घट्ट गोळ्यावर तेलाचा थोडाफार उपयोग होतो, पण ते पावाच्या तुकड्याला लावून द्यावं आणि कोंबडी स्वतःहून गिळत असेल तरच. मग हलक्या हाताने, दिवसातून काही वेळा, पिशवी चोळावी. समोर पाणी असू द्यावं. कोरडे दाणे आणि गवत बंद. डचमळणाऱ्या पिशवीला मात्र चोळायला जाऊ नये, पाणी वर चढतं. आणि आत नायलॉनचा धागा असेल तर तो कोणत्याही तेलाने विरघळणार नाही.

मग ब्लेड आणि सुई-दोरा निघतो. खेड्यापाड्यांत ही कला अवगत असलेली माणसं आहेत आणि त्यांच्या हातून वाचलेल्या कोंबड्याही आहेत. पण गोष्टी वाचलेल्यांच्याच सांगितल्या जातात. डॉक्टर ही शस्त्रक्रिया भूल देऊन करतात. पिशवी आणि कातडी हे दोन थर वेगवेगळे शिवतात. दोन्ही एकत्र शिवले तर टाका उसवतो, अन्न पाझरतं, जखम चिघळते. भुलेशिवाय कापणं तर निव्वळ छळ आहे.

आंबलेल्या पिशवीवर दुकानातून अँटिबायोटिकची पूड आणणं म्हणजे उलटाच कारभार. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, बुरशीवर नाही. बुरशीला आवर घालणारे उपयोगी जिवाणू त्यात मरतात आणि बुरशीला रान मोकळं होतं. तिच्यावरचं औषध निस्टॅटिन, तेही वजन पाहून डॉक्टरांनी ठरवलेलं. पाण्यात मोरचूद घालायचा जुना उपाय अजून सांगितला जातो. त्याचं माप चुकलं तर विषबाधा. चमचाभर दह्याने बिघडत नाही, पण ते औषध नव्हे. व्हिनेगर घालायचीच हौस असेल तर निदान गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या भांड्यात नको, आम्लाने जस्त पाण्यात उतरतं.

शिंपल्यांचा चुरा घातला म्हणजे खड्यांची सोय झाली, हेही खरं नाही. शिंपला पोटातल्या आम्लात विरघळतो. तो अंड्याच्या कवचासाठी. दाणे भरडतो तो पोटाचा जाड स्नायूंचा भाग, आणि त्याला कठीण बारीक खडे लागतात. परसात फिरणारी कोंबडी ते स्वतः शोधते. गच्चीवर किंवा पिंजऱ्यात ठेवलेलीला आणून द्यावे लागतात.

एवढं करूनही पिशवी पुन्हा पुन्हा भरते, कारण पुष्कळदा दुखणं पिशवीत नसतंच. मॅरेक्स आजारात मज्जातंतूवर घाव पडतो आणि पिशवीची हालचाल मंदावते. शिसं पोटात गेलं, जंत झाले, पोटात अंड्याचा बलक साठून सूज आली, तरी अन्न खाली उतरत नाही. अशा वेळी छातीचं मधलं हाड चाचपावं. ते धारदार लागलं तर पिशवी भरलेली असूनही कोंबडी उपाशी आहे. चोवीस तासांत पिशवी उतरली नाही, किंवा कोंबडी मान आखडून, पिसं फुलवून बसली, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आणि एकाच वेळी तीन-चार कोंबड्यांच्या चोचीतून पाणी गळू लागलं, हिरवट हगवण दिसली, माना वाकड्या झाल्या, तर पिशवी विसरावी. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकते. विषाणूचा हा आजार खुराडीच्या खुराडी रिकामी करतो आणि त्यावर औषध नाही. आजारी पक्षी लगेच वेगळे करावेत, बाजारात विकू नयेत, मेलेले खोल पुरावेत आणि दवाखान्यात कळवावं. बचाव फक्त लशीचा: पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे मोठं झाल्यावर आर-टू-बी, आणि तीही पक्षी धडधाकट असतानाच.