फोनवरून पैसे जातात, मग मत का नाही? ब्लॉकचेन आणि दुधनीचं मतदान

आजचा विषय तुम्हीच लावून धरला होता. प्रश्न साधारण असा: "आम्ही पुण्यात कामाला. मत द्यायला दुधनीला यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली, वर भाडं. फोनवरून पैसे जातात, मग मत का जात नाही? आता ब्लॉकचेन आलंय ना?"

प्रश्न रास्त आहे. २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं मतदान झालं, त्यात आपली दुधनी पण होती. मोजणी थेट २१ तारखेला. मधले एकोणीस दिवस मशीन कुलपात, आणि बाहेर चहाच्या टपरीवर नुसत्या शंका. त्यात नगरपरिषदेच्या निवडणुकीला व्हीव्हीपॅट नव्हतं. म्हणजे विधानसभेला काचेआड सात सेकंद दिसते ती चिठ्ठी इथे नाहीच. मग कुणी म्हणालं की ब्लॉकचेनवर मत टाका, कुणाला हात लावता येणार नाही, तर ते पटकन पटतं.

तर आधी ब्लॉकचेन म्हणजे काय ते बघू. आपल्या मार्केट यार्डात चला. तुरीचा लिलाव झाला, अडत्यानं वहीत लिहिलं: हा शेतकरी, इतकी पोती, हा भाव. वही एकट्याकडेच असेल तर रात्रीतून १ चा ९ करायला कितीसा वेळ लागतो? आता समजा, यार्डातल्या पन्नास दुकानांत त्याच वहीची नक्कल आहे. शिवाय प्रत्येक नव्या पानाच्या डोक्यावर आधीच्या पानाचा शिक्का आहे, आणि तो शिक्का त्या पानावरच्या अक्षर न् अक्षरावरून गणित करून काढलेला आहे. मागं कुठं १ चा ९ झाला की शिक्का जुळत नाही, आणि तिथून पुढची सगळी पानं बोंब मारतात. तो शिक्का म्हणजे हॅश, पान म्हणजे ब्लॉक, आणि शिक्क्यांनी एकमेकांना बांधलेली वही म्हणजे ब्लॉकचेन. एवढंच.

हे आपल्या राज्यात वापरलंही गेलंय. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर नेण्याचं काम झालं. तिथे ते शोभतं. कारण दाखल्याचं कामच असं आहे की नाव माझं, नोंद माझी, आणि कुणीही तपासावी.

मताचं उलटं आहे. मत मोजलं गेलं पाहिजे, पण ते माझं होतं हे कुणाला कळता कामा नये. बँकेत घोटाळा झाला तर मी स्टेटमेंट काढून भांडतो, कारण बँकेला माहीत असतं की पैसे मी पाठवले. मताचं स्टेटमेंट काढायची सोय केली तर ते स्टेटमेंट उद्या पाकीट वाटणाराही मागेल. "दाखव बघू, कुठलं बटण दाबलंस?"

दुसरी गोम अशी की ब्लॉकचेन वहीतलं पान राखते. पण पानावर काय लिहिलं जातंय, ते तुमचा फोन ठरवतो. फोनमध्ये कुणी व्हायरस सोडला, तुम्ही एक बटण दाबलं आणि त्यानं दुसरंच पाठवलं, तर ते चुकीचं मत ब्लॉकचेनवर अगदी सुरक्षित राहील. कायमचं!

हे नुसतं भीती घालणं नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं २०१८ मध्ये परदेशातल्या सैनिकांसाठी व्होट्झ नावाचं ॲप वापरलं, त्यात ब्लॉकचेन होती. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ते ॲप उलगडून दाखवलं, की फोनवर ताबा मिळाला तर मत बघता येतं, बदलता येतं. राज्यानं ॲप बाजूला ठेवलं. मॉस्कोत २०१९ मध्ये चाचणी चालू असताना पियेरिक गॉद्री या फ्रेंच संशोधकानं मतं झाकणारं कुलूप साध्या कॉम्प्युटरवर वीसेक मिनिटांत उघडलं. दोन्हीकडे वहीची पानं शाबूत होती, घोळ वहीच्या अलीकडे होता.

आपल्याकडेही प्रयोग झालेत. तेलंगणात खम्ममला ऑक्टोबर २०२१ मध्ये नुसती रंगीत तालीम झाली. बिहारमध्ये मात्र २८ जून २०२५ ला नगरपालिकांच्या निवडणुकीत खरोखर मोबाईलवरून मतदान झालं. वृद्ध, दिव्यांग, गरोदर बाया, बाहेरगावी कामाला गेलेले, यांच्यासाठी. चेहरा ओळखायची सोय होती, ब्लॉकचेनही होती. मला या प्रयोगाचं कौतुक आहे, कारण ही माणसं एरवी यादीत नुसती नावापुरती असतात.

पण जरा आपल्या भागात आणून बघा. ऊसतोडीच्या टोळीनं मुकादमाची उचल घेतलेली आहे. मतदानाच्या दिवशी मुकादम म्हणाला, "आणा रे सगळ्यांनी मोबाईल, इथं माझ्यासमोर बसून करा," तर चेहरा मजुराचाच असेल, बोटही त्याचंच. ॲप म्हणेल, सगळं बरोबर. घरात सासऱ्यासमोर सुनेचं मत, तीच कथा. केंद्रावरचा तो पुठ्ठ्याचा आडोसा आठवा. पाच-दहा रुपयांचा पुठ्ठा असेल, पण त्याच्यामागे मुकादम येऊ शकत नाही. एस्टोनियानं यावर तोड काढली आहे. तिथे २००५ पासून ऑनलाइन मत आहे आणि ते पुन्हा पुन्हा देता येतं, शेवटचं धरतात. पण फोनच मुकादमाच्या पिशवीत असेल तर पुन्हा देणार कसं?

आता आपल्याच जिल्ह्यातलं मारकडवाडी. माळशिरस तालुका, म्हणजे दुधनीपासून जिल्ह्याचं पार दुसरं टोक. २०२४ च्या विधानसभेनंतर गावातल्या लोकांना आपल्या गावचे आकडे पटले नाहीत, म्हणून ३ डिसेंबरला त्यांनी स्वतःच मतपत्रिका छापून मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, मतदान झालं नाही. मशीन चुकलं की गाव, या वादात मी पडत नाही. मला एकच दिसलं: शंका आल्यावर गावानं मागितला तो हातात धरून मोजता येईल असा कागद. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २००९ मध्ये मतदान यंत्रांबद्दल हाच मुद्दा धरला होता, की खास तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मोजणी तपासता आली पाहिजे. ब्लॉकचेनचा हॅश जुळतो की नाही, हे मारकडवाडीत किती जण तपासतील? "तज्ज्ञ सांगतात, विश्वास ठेवा" इथंच गाडी परत येते.

मग पुण्यातल्या पोरानं काय करायचं? सैनिकांसाठी एक मधला रस्ता आहे: मतपत्रिका इंटरनेटवरून जाते, तिची प्रिंट काढून मत नोंदवायचं आणि पोस्टानं परत पाठवायचं. कागद शिल्लक राहतो. स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये रिमोट मशीनचा नमुना जाहीर केला होता, इंटरनेटला न जोडलेला, एकाच मशीनवर ७२ मतदारसंघ. पक्षांनी बऱ्याच हरकती घेतल्या आणि ते रखडलं. माझं मत विचाराल तर जोर तिकडे लावावा. मशीन पुण्यात, आडोसाही पुण्यात, मत दुधनीचं.

तोवर दोन कामाच्या गोष्टी. लोकसभा-विधानसभेला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब. रोजंदारीवाल्यांनाही लागू आहे, मागून घ्या. आणि पुण्यातच बस्तान बसलं असेल तर फॉर्म ८ भरून नाव तिकडे हलवता येतं, मोबाईलवरूनच. फक्त मग दुधनीच्या नगरसेवकाला शिव्या द्यायच्या, पण मत द्यायचं नाही, अशी गत होईल. ते ज्यानं त्यानं ठरवा.

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.