गांजाचे वैद्यकीय कार्ड : कायदा काय सांगतो?

परभणी जिल्ह्यातच नव्हे, तर देशात कोठेही डॉक्टरांना गांजाचे ‘वैद्यकीय कार्ड’ देता येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार १ किलोपर्यंतचा गांजा बाळगल्यासही १ वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र शेंड्याविना असलेली नुसती पाने या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदात ‘विजया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भांगेची औषधे परवानाधारक उत्पादक तयार करतात. ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, ही सूचना वेष्टनावर बंधनकारक आहे. त्यामुळे रुग्णाने नोंदणीकृत वैद्यांची चिठ्ठी व खरेदीचे बिल जपून ठेवावे. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन हा कायदेशीर उपाय असून, २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी त्याची परवाना प्रक्रिया सुलभ झाली. पैसे घेऊन ‘कार्ड’ देणाऱ्यांपासून सावध राहावे; अटकेच्या वेळी ते कामी येणार नाही.