केटी लागली म्हणजे नेमकं काय झालं?

‘केटी लागली, वर्ष गेलं पोराचं,’ असं आजी म्हणते. ‘केटी काय, सगळ्यांनाच लागते,’ असं पोरगा म्हणतो. निकाल एकच, घरही एकच, आणि चुकतात दोघंही. आजीला वाटतं, तो नापास होऊन मागे राहिला. नातवाला वाटतं, पुढच्या वर्षाला प्रवेश मिळाला म्हणजे मागचं मिटलं.

विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याचे दोन हिशेब ठेवतं. पुढच्या वर्गात बसता येईल का, हा एक. कोणते विषय सुटले, हा दुसरा. एटीकेटी, जिला सगळे ‘केटी’ म्हणतात, हा पहिल्या हिशेबातला नियम आहे. ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे पुढची सत्रं भरायला, तिथली हजेरी, जर्नलं, अंतर्गत परीक्षा पूर्ण करायला परवानगी. राहिलेल्या विषयाबद्दल तो नियम काहीच बोलत नाही. वाण्याने खातं चालू ठेवलं म्हणून जुनी उधारी फिटत नाही, तसंच हे. विषय सुटेपर्यंत तो अंगावरच राहतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो आकड्याचा. ‘किती केटी चालतात?’ या प्रश्नाला कट्ट्यावर लगेच उत्तर मिळतं. कुणी दोन म्हणतं, कुणी चार, कुणी पाच. खरं तर ‘किती’ एवढं विचारून भागत नाही. कुठल्या सत्रात, कुठल्या विद्यापीठात, अभ्यासक्रमाच्या कुठल्या पॅटर्नमध्ये, हे माहीत असल्याशिवाय आकडा निरर्थक आहे.

मुंबई विद्यापीठाचं उदाहरण घेऊ. नव्या शैक्षणिक धोरणाआधीच्या क्रेडिट-ग्रेड पद्धतीत बीए, बीकॉम, बीएस्सीला नियम असा होता, की दुसऱ्या वर्षाला जायचं तर पहिल्या सत्रात दोनपेक्षा जास्त विषय राहिलेले नकोत आणि दुसऱ्या सत्रातही दोनपेक्षा जास्त नकोत. आता दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. एकाचे पहिल्या सत्रात दोन आणि दुसऱ्या सत्रात दोन असे चार विषय राहिले. दुसऱ्याचे पहिल्या सत्रात तीन राहिले, दुसरं सत्र मात्र स्वच्छ सुटलं. चार राहिलेला पुढे जातो, तीन राहिलेल्याला ड्रॉप लागतो, म्हणजे त्याच वर्षात थांबावं लागतं. ‘त्याच्यापेक्षा माझा एक विषय कमी, तरी मी मागे कसा?’ असं तो मुलगा तणतणतो तेव्हा त्याला कुणी समजावून सांगत नाही, की मर्यादा बेरजेला नव्हती, प्रत्येक सत्राला वेगळी होती.

पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, विषय मोजत नाहीत, क्रेडिट मोजतात. पहिल्या वर्षाची निम्मी क्रेडिट मिळाली की दुसऱ्या वर्षाला प्रवेश. इंजिनिअरिंगच्या २०१९ पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाच्या ४४ पैकी २२ क्रेडिट लागत. इथे ‘किती विषय’ हा हिशेब पार कोलमडतो, कारण एखादं प्रात्यक्षिक एका क्रेडिटचं असतं आणि मोठा लेखी विषय तीन-चार क्रेडिटचा. चार प्रात्यक्षिकं सोडवून जेवढं मिळतं तेवढं गणिताचा एकच विषय खाऊन टाकतो. वायडी होण्याच्या, म्हणजे वर्ष मागे पडण्याच्या, काठावर उभ्या असलेल्या मुलाने कुठला विषय आधी सोडवायचा, हे ठरवताना त्या विषयासमोरचा क्रेडिटचा आकडा पाहायला हवा. बहुतेक जण सोपा विषय कोणता एवढंच पाहतात.

तिसऱ्या वर्षाच्या दाराशी हा फरक आणखी रुंदावतो. पुण्यात पहिल्या वर्षाचा एकही विषय शिल्लक असेल तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. पहिलं वर्ष पूर्ण आणि दुसऱ्याची निम्मी क्रेडिट, असा तो दुहेरी नियम. मुंबईच्या त्याच जुन्या नियमांत दोन वाटा होत्या. पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक सत्रात जास्तीत जास्त दोन विषय राहिलेले, ही एक. किंवा नेमकं उलटं: दुसरं वर्ष स्वच्छ आणि पहिल्या वर्षाच्या सत्रांत दोन-दोनपर्यंत शिल्लक. दोन्ही वर्षांचे विषय एकाच वेळी अंगावर असतील तर मात्र दार बंद. म्हणजे पहिल्या वर्षाचा एक पेपर राहिलेली, पण दुसरं वर्ष पूर्ण सुटलेली मुलगी मुंबईत तिसऱ्या वर्षाला बसली असती, पुण्यात नाही. पुण्याच्या मावसभावाचा सल्ला विरारच्या मुलीला लागू पडत नाही, तो असा.

त्यात आता नव्या धोरणाची भर. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यामुळे एकाच इमारतीत, कधी एकाच बाकावर, वेगवेगळ्या नियमांची मुलं बसतात. स्वायत्त महाविद्यालयं तर आपले नियम आपणच करतात. काही ठिकाणी निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते, काही ठिकाणी पुढच्या सत्राची वाट पाहावी लागते. वर लिहिलेले आकडे पाठ करून ठेवू नयेत ते यासाठीच. आपल्या तुकडीचं परिपत्रक काय म्हणतं, तेवढंच खरं.

दिवाळीनंतरच्या निकालाला घाबरून कॉलेज सोडणारी मुलं हा यातला सगळ्यात दुखरा भाग. पहिल्या सत्रात सात विषयांपैकी पाच गेले, आता वर्ष वायाच जाणार, मग फी कशाला भरायची, असं घरचे ठरवतात. प्रत्यक्षात मुंबईच्या त्या नियमांत पहिल्या सत्रातून दुसऱ्यात जायला अटच नव्हती, कितीही विषय राहिले तरी दुसरं सत्र भरता येत होतं. तिसऱ्यातून चौथ्यात, पाचव्यातून सहाव्यात जातानाही तसंच. चाळणी लागते ती वर्ष बदलताना. मधल्या काळात पहिल्या सत्राची परीक्षा पुन्हा देण्याची संधी असते, आणि दुसरं सत्र भरलेलं असेल तर निदान तेवढं पदरात पडतं. डिसेंबर-जानेवारीत घरी बसलेल्या मुलाचं वर्ष नियमाने गेलेलं नसतं.

‘शेवटचं सत्र सुटलं की पदवी मिळाली’ हा गैरसमज मात्र उलट्या दिशेने महाग पडतो. सहाव्या सत्राचे सगळे पेपर उत्तम गेले, पण दुसऱ्या सत्राचा एक विषय अजून अडकलेला आहे. अशा वेळी विद्यापीठ सहाव्या सत्राचा निकाल राखून ठेवतं. मागची पाचही सत्रं पूर्ण सुटेपर्यंत पदवी नाही. आणि वर्षं उलटल्यावर पहिल्या वर्षाचं सांख्यिकी पुन्हा उघडणं किती जड जातं, ते ज्याने केलं त्यालाच विचारावं.

‘बावन्न पडले तरी नापास? पेपर तपासणाऱ्याचीच चूक असणार!’ तशी चूक होतही असेल, पण आधी गुणपत्रिकेतले रकाने पाहा. बीएमएससारख्या अभ्यासक्रमांत ७५ गुणांची सत्रान्त परीक्षा आणि २५ गुणांचं अंतर्गत मूल्यमापन अशी विभागणी जुन्या पद्धतीत होती, आणि दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागत. म्हणजे ७५ पैकी ३० आणि २५ पैकी १०. अंतर्गतला २४ आणि लेखीला २८ मिळाले तर बेरीज ५२ होते, पण लेखीचा अडथळा दोन गुणांनी राहिलेला असतो. दिलासा एवढाच, की पुन्हा द्यायचा तो राहिलेला भाग. सुटलेल्या भागाचे गुण जपून ठेवले जातात.

मग ते दोन गुण ग्रेसने मिळत नाहीत का? मिळू शकतात, पण कुणाच्या मर्जीने नाहीत. ‘सरांना भेटून ये’ या सल्ल्याला इथे अर्थ नाही. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेशात ग्रेसचं गणित लिहिलेलं आहे: ५० गुणांपर्यंतच्या भागाला २, त्यावर १०० पर्यंतच्या भागाला ३, आणि सगळे मिळून त्या परीक्षेच्या एकूण गुणांच्या एका टक्क्याबाहेर जाता येत नाही. ७०० गुणांचं सत्र असेल तर एकूण ७. पुढची अट लोकांना माहीतच नसते. हे गुण दिल्याने विद्यार्थी ती अख्खी परीक्षा उत्तीर्ण होत असेल, तरच ते दिले जातात. एका विषयात दोन गुण कमी आणि दुसऱ्यात पंधरा कमी असतील, तर त्या दोन गुणांचीही भर पडत नाही. मग दोन्ही विषय राहतात. एनएसएस, एनसीसी किंवा खेळाडूंसाठीचे वाढीव गुण हा वेगळा मामला आहे, आणि त्यासाठी प्रमाणपत्रं वेळेत जमा झालेली असावी लागतात.

आता पुनर्मूल्यांकन. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेलं पान पाहतात. छायाप्रतीत उत्तरपत्रिकेची प्रत हातात मिळते. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक पेपर पुन्हा तपासतो. छायाप्रत मागण्याच्या हक्कामागे सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०११चा निकाल आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखाली ‘माहिती’ आहे, असं न्यायालयाने सीबीएसईच्या खटल्यात ठरवलं. पुनर्मूल्यांकनाचा असा जन्मसिद्ध हक्क नाही. १९८४ मध्ये महाराष्ट्राच्याच परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची बाजू मान्य केली होती. विद्यापीठाच्या नियमांत सोय असेल तर पुनर्मूल्यांकन, नसेल तर नाही. आमच्याकडे विद्यापीठं ती सोय देतात, त्यांच्या मुदतीत आणि त्यांच्या शुल्कात.

पण खरा घोटाळा होतो तो या वाक्याने: ‘रिव्हॅल टाकलंय, आता केटीचा फॉर्म कशाला?’ रिव्हॅलचा, म्हणजे पुनर्मूल्यांकनाचा, निकाल कधी लागेल ते कुणाच्या हातात नसतं, केटीच्या फॉर्मची शेवटची तारीख मात्र ठरलेली असते. रिव्हॅलमध्ये विषय सुटला तर भरलेलं परीक्षा शुल्क बुडेल. नाही सुटला आणि फॉर्म भरलेला नसेल, तर अख्खी संधी हुकेल. दोन्हीकडे अर्ज करणं हेच शहाणपणाचं.

निकालाच्या उशिराबद्दल मला विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलायचं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो, की शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत तो लावावा. कायदा मंजूर होऊन वर्ष लोटत नाही तोच, २०१७ मध्ये, मुंबई विद्यापीठाने ऑनलाइन तपासणीचा घाट घातला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं गेलं. गोष्ट जुनी झाली, पण केटीवाल्याच्या वाट्याला तिची छोटी आवृत्ती अजूनही येते. विषय सुटलाय की नाही हे कळायच्या आत पुढच्या वर्षाचे वर्ग सुरू होतात, तो तात्पुरत्या प्रवेशावर बसतो, आणि निकाल विरुद्ध गेला की त्याला वर्गातून उठवलं जातं. नियम न पाळल्याचा दंड इथे नेहमी एकाच बाजूला बसतो.

पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगची मुलं ‘कॅरी ऑन’ची मागणी घेऊन उतरतात, म्हणजे क्रेडिटची अट तात्पुरती सोडून पुढे बसू द्या. तिला फुकटेपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांनी निकालांचं हे वेळापत्रक आधी पाहावं. कॅरी ऑनने विषय माफ होत नाही, तो पुढे ढकलला जातो. करोनाकाळात ‘सगळ्यांना ढकलपास केलं’ असं जे म्हटलं जातं तेही अर्धवटच. राज्य सरकारला अंतिम वर्षाची परीक्षा टाळायची होती, पण २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राज्याला परीक्षेची तारीख पुढे मागता येईल, परीक्षेविना पदवी देता येणार नाही. मग परीक्षा झाल्या, बहुतेक घरून आणि बहुपर्यायी.

नोकरीच्या भीतीबद्दल थोडक्यात. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बहुधा ‘लाइव्ह बॅकलॉग’ विचारतात, म्हणजे आज अंगावर असलेला विषय. सुटलेल्या केटीला अनेक ठिकाणी हरकत नसते. परदेशी विद्यापीठं मात्र बॅकलॉगचा दाखला मागू शकतात, तिथे लपवाछपवी नको. यूपीएससीला पदवी लागते, टक्केवारीची अट नाही.

हे सगळे नियम वैद्यकीयला लावू नयेत. एमबीबीएसचं पहिलं वर्ष सुटल्याशिवाय दुसरं नाही, त्यासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि अख्खा अभ्यासक्रम नऊ वर्षांच्या आत. इतर पदव्यांनाही मुदत असते. यूजीसीचं मार्गदर्शन साधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ अधिक दोन वर्षं असं आहे. ‘केटी कधीही देता येते’ हे त्यामुळे खरं नाही.

आणि मुदत संपायच्या आधीच एक गोष्ट घडते. अभ्यासक्रम बदलला की जुन्या पॅटर्नचे पेपर मोजक्याच वेळा काढले जातात. त्यानंतर नव्या अभ्यासक्रमातला समकक्ष विषय द्यावा लागतो, नवी पुस्तकं, नवा मजकूर. जुना विषय राहिलेल्यांनी परीक्षा विभागाच्या खिडकीवर पहिल्यांदा विचारायचं ते हे, की आमच्या पॅटर्नची परीक्षा अजून किती वेळा होणार आहे.